साखरेआधी कंबर मोजा

तालीम मंडळाचा वर्धापनदिन असो, कुणा नेत्याचा वाढदिवस असो की गणेशोत्सव, कोल्हापुरात मोफत मधुमेह तपासणी शिबिर ठरलेलंच. मांडवात टेबल, ग्लुकोमीटर, बोटाला सुई, थेंबभर रक्त आणि काही सेकंदांत आकडा. एकशे दहा. एकशे पंचवीस. ‘शुगर नॉर्मल आहे’ हे ऐकून माणूस निर्धास्त घरी जातो. शिबिर भरवणाऱ्यांची तळमळ खरी असते, त्यावर पैसाही खर्च होतो. पण रक्तातली साखर वाढलेली दिसते तोवर आजार बराच मुरलेला असतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात असं दिसलं की निदानाच्या वेळीच स्वादुपिंडाची इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आवरणारं संप्रेरक, बनवण्याची ताकद जवळपास निम्म्यावर आलेली असते. ती घटत असते त्या सगळ्या वर्षांत ग्लुकोमीटर काही सांगत नाही. त्या काळात बाहेरून दिसणारी खूण बहुतेकांच्या बाबतीत एकच असते, ती म्हणजे हळूहळू सुटत चाललेलं पोट.

म्हणून आमचं म्हणणं असं की, शिबिर असो, कारखान्यातली वार्षिक तपासणी असो की आरोग्य उपकेंद्र, तिशीपुढच्या प्रत्येकाची कंबर आधी मोजावी आणि लिहून ठेवावी. रक्ताची पक्की तपासणी कुणाची, किती लवकर करायची, हे त्या नोंदीवरून ठरावं. वजनकाटा हवा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

चरबी म्हटलं की डोळ्यांसमोर जाड माणूस येतो. मधुमेहात मात्र चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे साठली आहे हे जास्त महत्त्वाचं. मांड्या, नितंब, दंड इथली कातडीखालची, चिमटीत धरता येणारी चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात आणि स्नायूंत साठते ती घातक. २००४ साली अमेरिकेत पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची कातडीखालची चरबी लायपोसक्शनने काढली गेली, सरासरी नऊ-दहा किलो. अडीच-तीन महिन्यांनी तपासलं, तर त्यांचं शरीर इन्सुलिनला देत असलेल्या प्रतिसादात काहीच सुधारणा नव्हती. हेच वजन खाणं कमी करून उतरलं असतं तर साखर नक्की सुधारली असती, कारण तेव्हा आतली चरबीही जळते. याच्या बरोबर उलट उदाहरण लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मिळ आजाराचं. त्यात कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच. माणूस काटक दिसतो, हातापायांच्या शिरा उमटून दिसतात, आणि त्यालाच तीव्र मधुमेह होतो.

कातडीखालचा चरबीचा थर म्हणजे घरातली कणगी समजा. तिच्यात जागा आहे तोवर धान्य नीट राहतं. ती भरली की पोती माजघरात, वाटेत, जागा मिळेल तिथे येऊन पडतात. कुणाची कणगी किती मोठी हे बरंचसं आनुवंशिकतेने ठरतं. म्हणूनच शंभर किलोचा एखादा माणूस म्हातारपणापर्यंत मधुमेहाशिवाय राहतो आणि पासष्ट किलोच्या माणसाला चाळिशीतच गोळी सुरू होते.

यकृतात चरबी शिरली की पुढची साखळी सुरू होते. रात्री आपण उपाशी असताना यकृत रक्तात साखर सोडत असतं आणि इन्सुलिन त्याला आवर घालत असतं. चरबी भरलेलं यकृत हा आवर जुमानत नाही. सकाळी उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसते ती यामुळे, रात्री काय खाल्लं याचा त्यात वाटा थोडा. साखर आवरण्यासाठी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. वाढलेल्या इन्सुलिनमुळे यकृतात आणखी चरबी तयार होते. ती ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात उतरते, काही स्वादुपिंडात जाऊन बसते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी थकतात. न्यूकॅसल विद्यापीठाचे प्रा. रॉय टेलर यांनी ही साखळी मांडली. तिच्यावर आधारलेल्या ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या रुग्णांनी वजन उतरवलं, तेव्हा वर्षभरात ४६ टक्के जण औषधाविना मधुमेहमुक्त पातळीवर आले. पंधरा किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. खाणं नेटाने कमी केलं की यकृतातली चरबी पहिल्या आठवड्यातच घटायला लागते. आपल्याकडे सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ लिहून येतं आणि ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणून तो कागद कपाटात जातो. मधुमेहाची इतकी स्पष्ट पूर्वसूचना दुसरी क्वचितच मिळते.

हा प्रश्न आपल्यासाठी जास्त गंभीर आहे आणि त्यामागचं संशोधन आपल्या शेजारच्या पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत कमी पडली, पण चरबीत तेवढी कमी पडली नाहीत. बारीक दिसणारी, पण प्रमाणाने चरबी जास्त असलेली ही ठेवण जन्मापासूनची. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचंच मोजमाप ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३. कागदावर दोघे सारखेच. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

इंग्लंडमधल्या चौदा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२१ मध्ये आला. गोऱ्या माणसाला बीएमआय ३० असताना मधुमेहाची जेवढी जोखीम असते, तेवढीच दक्षिण आशियाई वंशाच्या माणसाला २३.९ लाच असते, असा त्याचा निष्कर्ष. किलोंत सांगायचं तर, १६५ सेंटीमीटर उंचीच्या गोऱ्या माणसाला जे ८२ किलोंना भोगावं लागतं ते आपल्याला ६५ किलोंना. आणि ६५ किलोंच्या माणसाला आपल्याकडे कुणी जाड म्हणत नाही. ‘जरा खात जा’ असंच सांगतात. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा ही वेगळी मर्यादा म्हणूनच ठरवली गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये मधुमेहींचा अंदाज १०.१ कोटी दिला आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा १३.६ कोटी. त्याच पाहणीत बीएमआयच्या निकषावर लठ्ठ ठरले २८.६ टक्के, कमरेच्या निकषावर ३९.५ टक्के. वजनकाट्यातून निसटणारी माणसं या फरकात आहेत.

कोल्हापुरात तर वजनकाटा दोन्ही बाजूंनी चुकतो. पावणेसहा फुटांचा, पंचाण्णव किलोंचा, रोज आखाड्यात उतरणारा पैलवान घ्या. त्याचा बीएमआय ३१ येतो आणि तक्ता त्याला लठ्ठ ठरवतो. पण त्या वजनात स्नायूंचा भाग मोठा असतो, आणि जेवणातली साखर सर्वांत जास्त उचलतात ते स्नायूच. दुसरीकडे गुजरीत दिवसभर गादीवर बसणारे सराफ किंवा मार्केट यार्डातले दिवाणजी. उंची १६५, वजन ६२, बीएमआय २२.८, तक्त्यात अगदी छान. हातपाय काटकुळे, सदऱ्याआड पोटाचा घेर ९२. शिबिरातून निश्चिंत होऊन जाणारा हा माणूस खरा धोक्यात असतो.

आता कंबर मोजायची कशी, हे नीट सांगायला हवं, कारण चुकीचं मोजमाप न मोजल्याइतकंच निरुपयोगी. पॅन्टचा नंबर म्हणजे कंबर समजू नये. पोट सुटलं की पुरुष पॅन्ट पोटाखाली उतरवतात आणि चौतीस नंबर वर्षानुवर्षं चौतीसच राहतो. बेंबी हीसुद्धा खात्रीची खूण नाही, कारण पोट ओघळलं की तीही खाली येते. बरगडीचं सर्वांत खालचं टोक कुशीत चाचपा, मग खुब्याच्या वरच्या हाडाचा काठ चाचपा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करा. टेप त्या खुणेवरून, जमिनीला समांतर फिरवा. पाठीमागे ती हमखास घसरते, तेव्हा बाजूने दुसऱ्या कुणी पाहावं. टेप अंगाला टेकावी, पण कातडीत रुतू नये. सरळ उभं राहायचं, पाय थोडे फाकवून, हात बाजूला, आणि नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. टेप दिसली की पुरुष पोट आत ओढतात, त्यामुळे बोलता बोलता मोजलेलं बरं. कपड्यांवरून मोजू नये. बायकांनी परकराची नाडी आणि निऱ्या सैल कराव्यात, नाहीतर नाडीने पडलेल्या खाचेतलाच आकडा मिळतो. जेवणानंतर लगेच मोजू नये. दोनदा मोजावं, एका सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणते आणि घेर कमी दाखवते. दर काही महिन्यांनी ती लोखंडी पट्टीशी ताडून पाहावी.

पुरुषांना ९० सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांना जरा कमी, आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही आपल्याकडची मर्यादा. बुटक्या माणसाला ही मर्यादा सैल पडते. त्याच्यासाठी दुसरा हिशेब आहे: कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी. त्याला टेपही लागत नाही. उंचीएवढा दोरा कापा, दुमडून निम्मा करा आणि कमरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत तर घेर जास्त. गरोदरपणात आणि पोटात पाणी झालेल्यांत ही मोजणी लागू नाही. म्हातारपणी पाठीला बाक येऊन उंची घटते, तेव्हा तरुणपणीची उंची धरावी.

जिममधल्या यंत्रावर अनवाणी उभं राहून छापून मिळणारा ‘व्हिसरल फॅट’चा आकडा पुष्कळांना टेपपेक्षा शास्त्रीय वाटतो. ते यंत्र अंगातून बारीक विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतं. पाणी कमी प्यालं, नुकताच व्यायाम झाला, जेवण झालं, की अंदाज हलतो. पोटातली चरबी खरी दिसते एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्ये, आणि गावोगावी ते करणं शक्य नाही, गरजही नाही.

कंबर मोजली की चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या केंद्राने भारतीयांसाठी तयार केलेला जोखीम गुणांक काढायला दोन मिनिटं पुरतात. ३५ ते ४९ वयाला २० गुण, पन्नाशीपुढे ३०. कंबर मर्यादेच्या वर गेली की १० आणि आणखी दहा सेंटीमीटर वर गेली की २०. बैठं काम आणि व्यायाम शून्य असेल तर ३०, दोन्हींपैकी एक बरं असेल तर २०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त म्हणजे जोखीम मोठी. वय आणि आई-वडील बदलता येत नाहीत, पण शंभरातले पन्नास गुण कंबर आणि हालचाल यांचे आहेत. चाळीस वर्षांच्या, ९४ कंबरेच्या, बैठ्या, वडील मधुमेही असलेल्या दुकानदाराचे ७० गुण होतात. तो नेमाने चालायला लागला आणि कंबर नव्वदच्या आत आली तर ५० उरतात.

साठ किंवा जास्त गुण आलेल्यांची मग रक्ततपासणी, आणि तीही नीट. शिबिरात मिसळ खाऊन आलेला आणि सकाळपासून उपाशी असलेला एकाच रांगेत उभा असतो. त्या आकड्यांची तुलना होत नाही. बोटाला गूळ किंवा फळाचा रस लागलेला असेल तर आकडा फुगतो, आणि नुसतं स्पिरिट लावून तो जात नाही, हात साबणाने धुवावे लागतात. स्ट्रिपची डबी उघडी राहिली तर आपल्या पावसाळ्यात त्या सर्दावतात आणि चुकतात. पक्कं निदान शिरेतल्या रक्तावर व्हावं. आठ तासांच्या उपाशीपोटी १०० ते १२५ हा उंबरठा आणि १२६ पासून मधुमेह, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९ उंबरठा आणि २०० पासून मधुमेह, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ५.७ ते ६.४ उंबरठा आणि ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारू नये, दुसऱ्यांदा खात्री करावी. लोह कमी असलेल्या स्त्रियांत एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून आधी हिमोग्लोबिन बघावं. तपासताना मान आणि काखही पाहावी. मानेवरचा काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा मळ समजून दगडाने घासला जातो; इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. तरुण मुलामुलींत ती दिसली तर तिशीची वाट पाहू नये.

टेपवर आक्षेप घेतले जातात. एक, मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो. हे खरं आहे, पण वर सांगितलेली शिस्त पाळली तर फरक एक-दोन सेंटीमीटरवर येतो, आणि ग्लुकोमीटरलाही पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक माफ असतेच. दुसरा, बायका मोजू देणार नाहीत. तिशीपुढच्या सगळ्यांसाठी आशाताई आजारांची जोखीम नोंदवणारा जो सीबीएसी फॉर्म भरतात त्यात कमरेचा रकाना आधीपासून आहे, आणि घरात, आडोशाला, बाईनेच मोजायचं असल्याने तो भरता येतो. अडचण मांडवातल्या शिबिरांची आहे. तिथे पडदा लावावा आणि पडद्याआड बाईनेच मोजावं. आकडा मोठ्याने पुकारू नये. तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: यातून जाड माणसांची कुचेष्टा वाढेल. आम्हाला वाटतं ती उलट कमी होईल. जाड म्हणून हिणवलं गेलेल्या कित्येक बायकांची चरबी मांड्या-नितंबांवर असते आणि त्यांची जोखीम तेवढी नसते, हे टेपच दाखवते. आणि बारीक म्हणून सुटलेल्यांनाही तीच पकडते. पाळी गेल्यावर मात्र बायकांचीही चरबी पोटाकडे सरकते, म्हणून पंचेचाळीस-पन्नासच्या सुमाराला मोजमाप चुकवू नये.

मोजून पुढे काय, हा प्रश्न उरतो. कोल्हापूरला खाणं सोडा असं सांगून कुणी ऐकणार नाही आणि तसं सांगायची गरजही नाही. पण हिशेब हवा. म्हशीच्या निरशा दुधाचा पाव लिटरचा पेला अडीचशेहून अधिक कॅलरींचा. शेकड्यांनी जोर-बैठका मारणाऱ्याला तो पचतो. कुस्ती सुटली, नोकरी लागली, आणि दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण यांचा खुराक तसाच चालू राहिला, की तिशी-पस्तिशीत पोट सुटतं. तालमींनी पैलवान घडवताना कुस्ती सोडताना खुराक कसा उतरवायचा हेही शिकवायला हवं. या कामी तालमीइतकी लायक संस्था शहरात दुसरी नाही. लोक वस्तादांचं ऐकतात.

गुळाच्या चहाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. साखरेऐवजी गूळ म्हणजे मधुमेहाला चालतो, हा समज गुळाच्या या गावात घट्ट बसला आहे. गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोजच, साखर आहे तीच. लोह आणि इतर क्षार असतात, पण चहापुरत्या गुळात नगण्य. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. तो मुख्यतः यकृतात जिरतो, जास्त झाला की तिथेच त्याची चरबी होते. उसाच्या रसाच्या एका पेल्यात पाच-सहा चमचे साखर जाते आणि चावणं नसल्याने पोट भरल्याचं कळतही नाही. भाकरीचंही तसंच. ज्वारी चांगली, गव्हाच्या चपातीपेक्षा वाईट नक्कीच नाही, पण आपली मोठी भाकरी सत्तर-ऐंशी ग्रॅम पिठाची असते, म्हणजे अडीचशे कॅलरी. भाकरी खाऊन वजन वाढत नाही, हे खरं नव्हे. एक भाकरी, वाटीभर उसळ किंवा दोन अंडी किंवा रश्श्यातल्या मटणाच्या फोडी, ताटाचा निम्मा भाग भाजी आणि कच्चं सॅलड, आणि वरचा कट बाजूला. कटाचा एक मोठा चमचा म्हणजे सव्वाशे कॅलरींचं तेल. तेल मोजायचं तर महिन्याच्या डब्यावरून मोजा: माणशी साडेसहाशे-सातशे मिलिलिटरच्या वर जायला नको.

व्यायामात पोटाचे क्रंच मारून पोटाची चरबी जात नाही, घामाचा पट्टा बांधून तर फक्त पाणी जातं. रोज अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस, गाणं म्हणता येणार नाही पण बोलता येईल इतक्या वेगाने चालणं, आणि आठवड्यातून तीनदा बैठका. रंकाळ्यावर गप्पा मारत रमतगमत चालणाऱ्यांना याचा निम्माही लाभ मिळत नाही, वर फेरीनंतर नाश्ता होतो. बैठका मात्र घरात, जेमतेम जागेत होतात. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून उठबस करावी, दहाच्या तीन फेऱ्या. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम यांनी मधुमेहाची जोखीम ५८ टक्क्यांनी घटली. आपल्याकडच्या २००६ च्या अभ्यासात जोखीम २८.५ टक्क्यांनी घटली, आणि लक्षात घ्या, त्यात लोकांचं वजन उतरलंच नव्हतं. काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांना हे आवर्जून सांगायला हवं.

कंबर तीन महिन्यांनी पुन्हा मोजावी, त्याआधी नको, रोज तर नकोच. तीन महिन्यांत तीन-चार सेंटीमीटर उतरली तर प्रयत्न बरोबर चालला आहे. उंबरठ्यावरच्यांची रक्ततपासणी दर वर्षी व्हावी. ज्यांना मधुमेह आधीच आहे आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन सुरू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं एकदम कमी करू नये. औषध तेवढंच आणि खाणं निम्मं झालं तर साखर धोकादायक खाली येते, थरथर, घाम, भान हरपणं. आणि शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी यंदा एक वही घालावी: नाव, उंची, कंबर, गुण, पाठवलं कुठे, आणि शेवटचा रकाना, तपासणी झाली की नाही. पुढच्या वर्षीचं शिबिर त्या शेवटच्या रकान्यातल्या रिकाम्या जागांच्या घरी जाऊन सुरू करावं.